अहवाल कुणाकडे जातो

बॉसने केबिनमध्ये बोलावलं तेव्हा मला वाटलं, कोर्टाची तारीख लागली असणार. मी एका काउंटीच्या, म्हणजे इथल्या जिल्ह्याच्या, क्राइम लॅबमध्ये केमिस्ट आहे. पोलिसांनी पकडलेल्या गोळ्या, पावडर, मेणकागदाच्या पुड्या सीलबंद होऊन आमच्याकडे येतात आणि त्यांत काय आहे ते तपासून मी लिहून देते. कधीकधी ते कोर्टात जाऊन शपथेवर सांगावंही लागतं. काउंटीचं नाव इथे लिहीत नाही. न्यू जर्सीतली मराठी माणसं एकमेकांच्या इतकी ओळखीची आहेत की नाव वाचून कुणीतरी त्याच दिवशी फोन करेल.

कोर्टाचं काही नव्हतं. बॉसने एक अर्ज माझ्यापुढे सरकवला. वेदनाशामक गोळ्या बनवणाऱ्या आणि पुरवणाऱ्या कंपन्यांवर देशभरातल्या राज्यांनी आणि काउंट्यांनी खटले भरले होते, त्यांत तडजोड होऊन पैसे येऊ लागले होते, हे मला बातम्यांतून माहीत होतं. त्यातला एक वाटा आमच्या काउंटीकडेही येत होता. तो कुठे खर्च करावा ह्याचा सल्ला द्यायला एक समिती नेमली होती आणि समितीने अर्ज मागवले होते. पैसा व्यसनाच्या संकटावरच खर्च व्हायला हवा, म्हणजे उपचार, प्रतिबंध, पुन्हा उभं राहायला मदत, अशी अट होती. बॉसने लॅबसाठी एक नवीन मास स्पेक्ट्रोमीटर, म्हणजे पदार्थ ओळखायचं मशीन, मागितलं होतं.

"दहा मिनिटं बोलायचंय," तो म्हणाला. "तू बोल. ह्या मशीनमुळे जीव कसे वाचतील ते सांग."

मी हो म्हणाले. मशीन तर हवंच होतं. आमच्या जुन्या मशीनला आधीपासून ठाऊक असलेले पदार्थच ओळखता येतात. हल्ली मात्र पुड्यांमध्ये काय येईल त्याचा भरवसा राहिला नव्हता. फेंटानिल, ते हेरॉइनपेक्षा कितीतरी जहाल वेदनाशामक, आता जवळपास धरलेलंच असे. त्यात जनावरांना गुंगी आणायची औषधं मिसळली जात होती, आणि दर काही महिन्यांनी एखादा असा पदार्थ येई की कागदावरच्या आलेखात एक टोक वर उठलेलं दिसे आणि त्याचं नाव काही केल्या सापडत नसे. मग मी अहवालात लिहायची, "आणखी एक पदार्थ आढळला; ओळख पटली नाही." माझा सहकारी अशा वेळी "निष्कर्ष काढता आला नाही" असं लिहितो. मला ते आवडत नाही. आढळलं आहे तर आढळलं म्हणावं.

केबिनमधून बाहेर आले आणि माझं लक्ष शेल्फकडे गेलं. तपासायच्या राहिलेल्या पाकिटांचं ते शेल्फ. रोज तिथून येत-जात होते, पण त्या दिवशी त्या दहा मिनिटांत काय बोलायचं ह्या विचाराने मी तिथे थांबले आणि पाकिटांवरच्या तारखा वाचत राहिले. सर्वांत खालच्या खोक्यातली पाकिटं हिवाळ्यात आलेली होती. आणि आता उन्हाळा लागून आम्ही बाहेर अर्ध्या बाह्यांचे शर्ट घालून फिरत होतो.

जीव कसे वाचतील. घरी जाताना गाडी चालवत मी तेवढंच म्हणत होते. आम्ही एडिसनला राहतो. वाटेत ओक ट्री रोडवर भाजी घ्यायला थांबले, ट्रॉली अर्धी भरली, आणि मेथीची जुडी हातात धरून उभी असताना मला वाक्य सुचलं: वेळेवर मिळालेली माहिती जीव वाचवते. ते विसरू नये म्हणून मी ट्रॉली तिथेच सोडून गाडीत जाऊन फोनवर लिहून काढलं. मग वाचून पाहिलं तर ते खोटं होतं. खोटं म्हणजे चुकीचं नाही, पण माझा अहवाल जातो सरकारी वकिलाकडे. आरोपीच्या वकिलाकडे. तो फायलीला लागतो. त्याने कुणाला शिक्षा होते, कुणी सुटतं. त्याने जीव वाचला असं मी एकदाही पाहिलं नव्हतं. मी दुकानात परत गेले तेव्हा माझी ट्रॉली कुणीतरी रिकामी करून ठेवली होती.

नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "मशीन लागतंय ना? मग ज्या भाषेत मिळतंय त्या भाषेत माग. सगळे अर्ज असेच लिहितात यार." तो पुण्याचा, आयटीतला. त्याचा सगळा दिवस कुणाला तरी काहीतरी पटवून देण्यात जातो. त्याचं चुकत होतं असं मला म्हणता येत नव्हतं. मुलीने फोनवर वेळ लावून माझं भाषण ऐकलं आणि म्हणाली, "आई, यू आर ओव्हर बाय टू मिनिट्स." कुठली दोन मिनिटं काढायची ते मला कळेना.

ह्या नोकरीबद्दल थोडं सांगायला हवं, नाहीतर माझी चलबिचल कशाची ते समजणार नाही. मी नागपूरची. एम.एस्सी. करून तिथे औषधांच्या कंपनीत काम करत होते. लग्नानंतर इथे आले ती नवऱ्याच्या व्हिसावर, आणि त्या व्हिसावर मला काम करायची परवानगी नव्हती. कित्येक वर्षं मी घरात बसून काढली. बसून म्हणजे खरं तर चालून. अपार्टमेंटच्या भोवती दिवसातून दोनदा फेऱ्या मारायची. ग्रीन कार्ड हातात आलं तेव्हा माझा बायोडेटा इतका जुना झाला होता की मी तो कुणाला दाखवायला लाजत होते.

तो पहिल्यांदा वाचला तो एका डॉक्टरकाकांनी. दिवाळीच्या कार्यक्रमात ते माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसले होते. सत्तरीच्या पुढचे, फार पूर्वी इथे आलेल्यांपैकी, आयुष्यभर फॅमिली डॉक्टर म्हणून प्रॅक्टिस करून निवृत्त झालेले. मी काय शिकले आहे हे त्यांनी विचारलं, आणि फराळाची प्लेट मांडीवर ठेवून म्हणाले, "अगं, मग काउंटीच्या लॅबमध्ये अर्ज कर. त्यांना केमिस्ट मिळत नाहीत." पुढच्या आठवड्यात त्यांनी माझा बायोडेटा लाल पेनाने दुरुस्त करून परत पाठवला. नोकरी लागली तेव्हा मी पेढे घेऊन त्यांच्याकडे गेले होते. काकूंनी जेवायला थांबवून घेतलं होतं.

समितीच्या सदस्यांची यादी पाहिली तर त्यात काकांचं नाव. डॉक्टर म्हणून नेमलेले.

मला हायसं वाटलं. लगेच फोन केला. काकांनी माझं बोलणं पुरतं ऐकूनही घेतलं नाही. म्हणाले, "तुझा अर्ज आमच्यापुढे आहे. आत्ता आपण ह्यावर बोलणं बरोबर नाही. मीटिंग होऊ दे, मग ये घरी." आवाज रागाचा नव्हता, पण नेहमीसारखा त्यांनी मुलीचा अभ्यास, नवऱ्याची नोकरी असं काहीही न विचारता फोन ठेवला. ते आपल्या बाजूने नाहीत, हे मला त्या क्षणी कळलं. का नाहीत, ते कळेना. पुढचे आठ दिवस माझं कशात चित्त लागलं नाही. तपासणीत मी कधी घाई करत नाही, पण त्या आठवड्यात एक पाकीट वजन करून झाल्यावर पुन्हा उघडून वजन केलं, मग तिसऱ्यांदा. सहकाऱ्याने विचारलं, बरं आहे ना. मी म्हणाले, कॉफी जास्त झाली.

मीटिंग एका मंगळवारी दुपारी चार वाजता लायब्ररीच्या हॉलमध्ये होती. लांब टेबलामागे समितीचे सात लोक, समोर घडीच्या खुर्च्या, आणि खिडकीबाहेर पार्किंग. सुरुवातीलाच काका माईक ओढून म्हणाले, की लॅबतर्फे बोलणाऱ्या बाईंना मी व्यक्तिशः ओळखतो, तेवढी नोंद घ्यावी. सगळ्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं. मी उगाच हसले.

माझ्याआधी एका बाईंचा नंबर होता. पन्नाशीच्या, काटक, केस मागे बांधलेले. त्या एक जुनी व्हॅन घेऊन आठवड्यातून दोन दिवस स्टेशनजवळच्या आणि मोटेलांच्या भागात उभ्या राहतात. पाणी, कोरडे मोजे, जखमेची पट्टी, ओव्हरडोस झालेल्या माणसाच्या नाकात मारायचा नॅलोक्सोनचा स्प्रे, असं सगळं फुकट देतात. त्यांना आणखी एक दिवस आणि एक नर्स हवी होती. स्लाइड वगैरे काही नव्हत्या. त्यांनी पर्समधून एक घडी घातलेला कागद काढला.

त्यांची मुलगी वारली होती. अंत्यविधी झाल्यानंतर दहा महिन्यांनी, केस बंद करताना, पोलिसांनी त्यांना हा कागद दिला होता. मुलीच्या पलंगाशेजारी सापडलेल्या पावडरीचा अहवाल. त्यांनी तो वाचून दाखवला. फेंटानिल. एका गुंगीच्या औषधाचं नाव. आणि शेवटची ओळ, "आणखी एक पदार्थ आढळला, ओळख पटली नाही."

"दहा महिने," त्या म्हणाल्या. "तोपर्यंत तीच पावडर किती जणांनी घेतली असेल मला माहीत नाही. मी दर आठवड्याला त्यांच्यामध्ये उभी होते. मला कुणी सांगितलं असतं तर मी त्यांना सांगितलं असतं."

त्या खाली बसल्या. कागद पुन्हा नीट घडी करून आत ठेवला. आमच्या लॅबमध्ये अमली पदार्थांचे केमिस्ट दोनच. ते वाक्य कोण लिहितं ते मला माहीत होतं.

माझं नाव पुकारलं. मी उठले, स्लाइड सुरू केल्या आणि बोलले. काय बोलले ते नीट आठवत नाही. जुनं मशीन, नवीन मशीन, ओळख न पटणाऱ्या पदार्थांचं प्रमाण कसं कमी होईल. शेवटच्या स्लाइडवर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं की वेळेवर मिळालेली माहिती जीव वाचवते. ती पडद्यावर आली आणि मला तिच्याकडे बघवेना. बॉस पहिल्या रांगेत होता. तो मान डोलावत होता.

काकांनी चष्मा कपाळावर चढवला.

"एक पाकीट तुमच्याकडे आलं," ते इंग्रजीत म्हणाले, "त्यात काय आहे हे तुमच्या ऑफिसबाहेरच्या माणसाला किती दिवसांनी कळतं? आणि तो माणूस कोण असतो?"

ह्याचं उत्तर आमच्याकडे तयार होतं. बॉसने लिहून दिलं होतं, अमुक दिवसांचं उद्दिष्ट आहे आणि मशीन आल्यावर ते गाठता येईल, असं. मी त्या बाईंच्या पर्सकडे पाहिलं.

"महिने लागतात," मी म्हणाले. "कधी सहा, कधी जास्त. आणि कळतं ते सरकारी वकिलाला."

"पदार्थ वापरणाऱ्यांना?"

"त्यांना कुणी सांगत नाही. आरोग्य खात्यालाही आम्ही आपणहून पाठवत नाही. तसा नियमच नाही."

"मशीन आलं की हे बदलेल?"

"मला लागणारे दिवस बदलतील," मी म्हणाले. "अहवाल कुणाकडे जातो ते मशीनने बदलणार नाही. ते तुम्हाला अटीत लिहावं लागेल."

काकांनी थँक यू म्हणून चष्मा खाली घेतला आणि वहीत काहीतरी लिहिलं. बॉस मान डोलवायचा थांबला होता. मी जागेवर येऊन बसले आणि पर्स मांडीवर दाबून धरली. आता नोकरीचं काय, हा पहिला विचार आला. दुसरा विचार आला की त्या बाईंपाशी जावं. पण जाऊन काय म्हणणार? तो कागद मी लिहिला असेन, असं? केस नंबर पाहिल्याशिवाय मला खात्री नव्हती, आणि खात्री असती तरी कुठल्या तोंडाने सांगायचं? मीटिंग संपायच्या आत त्या उठून गेल्या. त्यांची व्हॅन कुठेतरी उभी राहायची वेळ झाली असावी.

पार्किंगमध्ये काका माझ्या गाडीपाशी उभे होते. मी काही बोलायच्या आत म्हणाले, "दोन मिनिटं आत बसू या का? मला फार उभं राहवत नाही."

आम्ही माझ्या गाडीत बसलो. मला राग आला होता आणि मी तो लपवला नाही. म्हणाले, "काका, तुम्ही मला हे आधी सांगू शकला असतात. बॉससमोर मला असं उघडं पाडायची काय गरज होती?"

"सांगितलं असतं तर तू उत्तर तयार करून आली असतीस."

"तयार उत्तर होतंच माझ्याकडे."

"हो, मला माहीत आहे," ते म्हणाले. "तेच देशील अशी मला भीती होती."

त्यांनी दाराच्या कडीवर हात ठेवला. मला वाटलं, आता उतरतील. त्याऐवजी त्यांनी मला त्यांच्या एका पेशंटची गोष्ट सांगितली. घरांची छपरं घालणारा माणूस होता, चाळिशीचा. छपरावरून पडून पाठ धरली होती. त्या वर्षांत गोळ्यांच्या कंपनीचे लोक दर आठवड्याला दवाखान्यात येत, सगळ्या स्टाफसाठी जेवण आणत, छापील कागद ठेवून जात. दुखणं खरं असेल तर ह्या गोळ्यांची सवय लागत नाही, असं त्या कागदांवर असे. काकांनी विश्वास ठेवला. त्या माणसाला गोळ्या लिहून दिल्या. त्याला बरं वाटलं, तो कामावर गेला, नाताळात त्याने काकांच्या गॅरेजचं गळणारं छप्पर पैसे न घेता दुरुस्त करून दिलं. मग गोळ्या पुरेनाशा झाल्या. काकांनी डोस वाढवला. पुढे नियम कडक झाले तेव्हा सगळ्या डॉक्टरांसारखं त्यांनीही एकदम हात आखडता घेतला. त्याला सांगितलं, आता मी देऊ शकत नाही.

"तो भांडला नाही," काका म्हणाले. "थँक यू डॉक्टर म्हणून गेला. नंतर तो रस्त्यावरचं काय घेत होता ते मला त्याच्या बायकोकडून कळलं. तो गेल्यावर."

मी माझ्या बाजूची काच थोडी खाली केली.

"हे जे पैसे आलेत ना," ते म्हणाले, "त्यांच्यामागे गोळ्यांच्या चिठ्ठ्यांवरच्या माझ्याही सह्या आहेत. अशा कितीतरी. कंपनीने तडजोड केली, मला कुणी काही विचारलं नाही. म्हणून ह्या समितीवर आलो. हा पैसा पुन्हा कुठल्यातरी ऑफिसात जाऊन बसू नये एवढंच मला बघायचंय. तुझ्या ऑफिसातसुद्धा."

मी त्यांना त्या शेवटच्या ओळीबद्दल सांगितलं. ती बहुतेक माझी आहे, असं. ते मी पहिल्यांदाच मोठ्याने म्हणत होते. काकांनी माझ्याकडे पाहिलं आणि खांद्यावर हात ठेवला. नाही गं, तुझा काय दोष, असं ते म्हणतील असं मला वाटलं होतं. ते म्हणाले नाहीत. थोड्या वेळाने उतरून हळूहळू आपल्या गाडीकडे गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बॉसने दार लावून घेतलं. तो ओरडला नाही. म्हणाला, खरं सांगायचीही एक पद्धत असते. आणखी दोन केमिस्ट द्या म्हणून तो कित्येक वर्षं वरच्यांना पत्रं लिहितो आहे, ते मी समितीला सांगितलं असतं तर महिने का लागतात ते त्यांना कळलं असतं. मी फक्त महिने लागतात एवढंच सांगून आले. त्यात तथ्य होतं. मी सॉरी म्हणाले, आणि ते मनापासून होतं. मग त्या बाईंच्या कागदाबद्दल विचारलं. केस कुठली ते मी संगणकात शोधून पाहू का?

"शोधायला कारण लागतं, आणि कोण काय शोधतं त्याची नोंद राहते," तो म्हणाला. मग म्हणाला, "कळून काय करशील?"

मी आजपर्यंत शोधलेलं नाही. संगणकासमोर बसले की हात तिकडे जातो. हे मी अभिमानाने सांगत नाही. शोधलं नाही ह्यात नियमाचा धाक किती आणि उत्तराचा किती, हे मला ठरवता येत नाही.

महिनाभराने समितीने शिफारस केली. आरोग्य खात्याकडून समितीवर आलेल्या नर्सबाईंनी अट लिहिली होती. मशीन मिळेल, पण व्हॅनवर येणारी माणसं आपणहून देतील ते नमुने, रिकाम्या पुडीला चिकटलेली पावडरसुद्धा, लॅबने नाव-गाव न विचारता तपासायचे आणि निकाल तीन दिवसांत आरोग्य खात्याला कळवायचा. व्हॅनला तिसरा दिवस मंजूर झाला. नर्स नाही मिळाली. शिफारस पाच विरुद्ध दोन मतांनी झाली, आणि विरोधातल्या दोन मतांत एक काकांचं होतं.

मला ते फार लागलं. ह्या खेपेला मी फोन केला तो भांडायलाच. माझ्या तोंडून अट वदवून घेतली, अट आली, तरी विरोध का? काकांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, "त्या मशीनच्या पैशात तीन नर्सेस आल्या असत्या गं. तू वाईट मशीन मागितलंस असं मी म्हणत नाही. अट कागदावर आहे. ती पाळली गेली तर मी चुकलो असं म्हणेन, तुझ्या घरी येऊन म्हणेन."

अट पाळणं सोपं गेलं नाही. अटक नाही, केस नंबर नाही, मग अमली पदार्थ लॅबमध्ये कुणाच्या नावावर घ्यायचा, असा प्रश्न सरकारी वकिलाच्या ऑफिसने काढला. व्हॅनवर पुडी देणाऱ्याला उद्या कुणी पकडलं तर? पत्रं झाली, मीटिंगा झाल्या. मशीन येऊन कोपऱ्यात बसलं, मी त्याच्यावर पोलिसांचीच पाकिटं तपासत होते, आणि व्हॅनचं एकही पाकीट येत नव्हतं. त्या महिन्यांत मी सगळ्यांच्या मागे इतकी लागले की बॉस म्हणाला, तूच मागितलंस, आता तूच निस्तर, आणि सगळा पत्रव्यवहार माझ्याकडे दिला. शिक्षा म्हणून दिला असेल. मला मात्र त्याने बरं वाटलं. निदान हाताला काम होतं. शेवटी वकिलाच्या ऑफिसने एक पानभर परवानगी दिली आणि पहिली तपकिरी पाकिटं आली. वर नुसता आकडा.

त्यातलं पहिलं मी सकाळी उघडलं आणि जेवायच्या आधी निकाल आरोग्य खात्याला पाठवला. पाठवल्यावर मला काय करावं ते सुचेना. मी जिना उतरून इमारतीला एक फेरी मारून आले. एरवी माझं काम सही केली की संपतं. आता पलीकडे कुणीतरी ते वाचणार होतं, आणि वाचून काय करणार ते मला माहीत नव्हतं.

काकांची समितीवरची मुदत संपली तेव्हा त्यांनी पुन्हा नाव दिलं नाही. काकूंनी मला फोनवर सांगितलं की आता हे बुधवारी त्या बाईंच्या व्हॅनवर जातात. "लायसन्स सोडलंय, तेव्हा कुणाला हात लावायची परवानगी नाही. नुसते पाणी वाटतात. गुडघा दुखतो म्हणून घरात जिना चढत नाहीत आणि तिथे तीन तास उभे असतात." मग म्हणाल्या, "तू एकदा जाऊन बघून ये बाई. मला काही सांगत नाहीत."

एका बुधवारी मी जेवणाच्या सुट्टीत गेले. स्टेशनमागच्या मोकळ्या जागेत व्हॅन उभी होती. काका टोपी घालून पाण्याच्या बाटल्यांच्या खोक्याशेजारी उभे होते. मला पाहून त्यांनी नुसती मान हलवली. समोर एक माणूस होता, त्याचं बोलणं ते ऐकत होते. व्हॅनच्या काचेवर आतून एक कागद चिकटवलेला होता. त्या आठवड्याचे निकाल. मी पाठवलेलेच, पण सोप्या शब्दांत, मोठ्या अक्षरांत. अमुक रंगाच्या शिक्क्याच्या पुडीत हे मिसळलेलं आहे. स्प्रेने श्वास परत येईल, पण माणूस लगेच जागा होणार नाही. घाबरू नका, थांबा, रुग्णवाहिका बोलवा.

त्या बाई बाहेर आल्या. मला ओळखलं. म्हणाल्या, तू लॅबवाली ना. मी हो म्हणाले. त्यांच्या मुलीच्या अहवालाबद्दल सांगायचं मी वाटेत ठरवलं होतं, वाक्यही जुळवलं होतं. तेवढ्यात त्यांनी माझ्या हातात बाटल्यांचं एक खोकं दिलं आणि हे तिकडे ठेवतेस का म्हणून पुढे गेल्या. मी ठेवलं. सांगायचं राहून गेलं, आणि पुढेही मी सांगितलेलं नाही. सांगून माझं ओझं हलकं होईल. त्यांचं होईल की नाही, ह्याचा मला अजून उलगडा झालेला नाही.

काचेवरचा कागद एक तरुण बाई वाचत होती. तिशीची असेल, हाताला कोपरापर्यंत पट्टी. तिने मला विचारलं, हे तुम्ही लिहिता का? मी म्हणाले, तपासते मी, लिहितात दुसरे. तिने खालच्या औषधाच्या नावावर बोट ठेवलं आणि विचारलं, ह्याचा उच्चार काय. मी सांगितला. ती म्हणाली, पुन्हा सांगा, हळू. माझी मैत्रीण मोटेलमध्ये आहे, तिला सांगायचंय. मी एकेक अक्षर सुटं करून सांगितलं. तिने माझ्याकडून पेन घेतलं, पट्टी नसलेल्या हाताच्या तळव्यावर ते लिहायला गेली, पण पट्टीच्या हाताने तिला लिहिता येईना. तेव्हा तिने पेन परत दिलं आणि तळवा पुढे केला.

मी तिच्या हातावर ते नाव लिहिलं. मोठ्या अक्षरांत, पुसणार नाही असं दाबून. तिने ते एकदा मोठ्याने वाचलं, बरोबर वाचलं, आणि मूठ न मिटता हात तसाच उघडा धरून रस्ता ओलांडून गेली.